चित्रातील कोठार आणि आपले खळे

उर्दू गझल शिकविताना ‘बर्क’ आणि ‘खिरमन’ ही जोडी वारंवार भेटते. खिरमनावर वीज पडते आणि वर्षभराचे कष्ट क्षणात जळतात. पेडणे-डिचोलीकडील विद्यार्थ्यांना ‘खिरमन म्हणजे खळ्यातील धान्याची रास’ असे सांगितले की प्रश्न येतो, “सर, खळे म्हणजे काय?” अशा वेळी शब्दार्थ पुरत नाही, वस्तू दाखवावी लागते. त्यासाठी मला एका इंग्रजी चित्राचा उपयोग झाला.

जॉर्ज क्लॉसेन (१८५२–१९४४) हे शेतकरी जीवनाचे चित्रकार. १८९१ पासून काही वर्षे ते एसेक्स परगण्यातील विडिंग्टन या खेड्यात राहिले. १९०८ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीचे पूर्ण सदस्य झाल्यावर त्यांनी प्रथेप्रमाणे संस्थेला आपले एक चित्र दिले. त्याचे नाव ‘इंटीरियर ऑफ ॲन ओल्ड बार्न’, म्हणजे जुन्या कोठाराचा अंतर्भाग. उंच लाकडी सांगाडा, आतला काळोख आणि त्यात शिरणारा उजेड हाच त्याचा विषय.

हा उजेड केवळ शोभेचा नाही. इंग्लंडमध्ये पावसाचा भरवसा नसे, म्हणून पीक छपराखाली साठवून हिवाळाभर मळणी चाले. कोठाराला समोरासमोर दोन मोठी दारे असत. मधल्या जमिनीवर धान्य झोडपत आणि दारांतून वाहणारा वारा भूस उडवून नेई. एकोणिसाव्या शतकात मळणी यंत्रे आली आणि त्या जागेचे मूळ काम संपत गेले. क्लॉसेन यांनी ‘जुने’ कोठार रंगविले, ते या पार्श्वभूमीवर.

आपल्याकडे भात कापणीला येते तेव्हा पाऊस ओसरत असतो. म्हणून मळणी उघड्यावर, शेणाने सारवलेल्या खळ्यात होई. गवत-अवजारांसाठी जांभ्याचा किंवा मातीचा लहानसा मांगर पुरे. त्यांचे कोठार अवाढव्य आणि आपला मांगर बुटका, याचे मोठे कारण हवामान होय. शेतावरच्या इमारतीचे चित्र असे वाचता येते.

पेडण्याला लागून असलेल्या सावंतवाडीत १८८२ मध्ये जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि जलरंगांसाठी नावाजले गेले. प्रत्यक्ष पाहून रंगविण्याची ब्रिटिश शिस्त आपल्या परिसरातील माणसाने आत्मसात केली होती, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

अध्यापकांनी एक साधा उपक्रम करून पाहावा. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एक मांगर किंवा खळ्याची जागा पाहावी, तिचे रेखाटन करावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक भागाचे नाव त्याखाली लिहावे. कौले खाली आली की मांगर ढासळायला वेळ लागत नाही. मागोमाग त्याची नावेही जातात आणि मग गझलेतील वीज कशावर पडली, हेच मुलांना कळत नाही.