पिंपरीची वेलांटी आणि मोटारीचं बॉनेट

मोबाइलवर ‘पिंपरी’ एवढाच शब्द टाइप करा आणि दोन बोटांनी ताणून मोठा करा. पहिली वेलांटी डावीकडून वळते, दुसरी उजवीकडून. कितीही ताणलं तरी त्यांची कड दातेरी होत नाही. फोटो असा ताणला की चौकोनी ठिपके दिसू लागतात. अक्षराचं तसं होत नाही, कारण फोनमध्ये अक्षराचं चित्र साठवलेलंच नसतं. असतात ते मोजके बिंदू आणि त्यांच्यावरून कड कशी वळवायची याचं एक सूत्र. हे सूत्र छापखान्यातलं नव्हे. ते मोटारीच्या कारखान्यातून आलं.

मोटारीचं बॉनेट ही मोठी अवघड वस्तू. त्यात सरळ रेषा जवळपास नसतेच आणि कंपासने काढता येईल असं वर्तुळही नसतं. संगणक येण्यापूर्वी ड्रॉइंग ऑफिसात एक लवचीक पट्टी वजनं ठेवून वाकवत आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवत. त्या ड्रॉइंगवरून पॅटर्नमेकर लाकडी मॉडेल घडवी, मॉडेलवरून टूलरूममध्ये डाय म्हणजे साचा तयार होई आणि डायमधून पत्रा. प्रत्येक टप्प्यावर थोडा फरक पडे. मग वाद सुरू. खरं कुठलं मानायचं, ड्रॉइंग, मॉडेल की डाय? वाद मिटायचा नाही, कारण त्या वळणाचा आकडा कोणाकडेच नव्हता.

हा आकडा फ्रान्समधल्या दोघांनी वेगवेगळा शोधला. सिट्रोएन कंपनीने १९५८ साली पॉल द कास्तेलजो या तरुण गणितज्ञाला नोकरीवर घेतलं. वर्षभरात त्यांनी रीत बसवली, पण कंपनीने ती कुलपात ठेवली. प्रतिस्पर्धी रेनोमधले पिएर बेझिए हे यांत्रिकी इंजिनिअर. ते साठच्या दशकात त्याच वळणापर्यंत आपल्या वाटेने पोचले आणि त्यांनी ते उघडपणे छापलं. म्हणून जग त्याला ‘बेझिए वक्र’ म्हणतं. द कास्तेलजोंच्या वाट्याला फक्त आकडेमोडीच्या रीतीचं नाव आलं. कंपनीचं गुपित राखणाऱ्याला इतिहास असाच पगार देतो. गंमत म्हणजे मागचं गणित दोघांच्याही आधीचं होतं. सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ साली ते एका निव्वळ तात्त्विक सिद्धतेसाठी मांडलं होतं.

रीत इतकी साधी आहे की पेन्सिल आणि पट्टी घेऊन घरी करता येते. कागदावर कुठेही चार बिंदू घ्या आणि ओळीने जोडा. तीन रेषा झाल्या. प्रत्येकीचा मध्य काढा. हे तीन मध्य जोडून त्या दोन रेषांचे मध्य काढा, ते दोन जोडून पुन्हा मध्य. आता एकच बिंदू उरला. तो वक्रावरचा. मध्याऐवजी एक तृतीयांश, एक चतुर्थांश असं घेत गेलात की वक्रावरचा एकेक बिंदू मिळत जातो. पहिला आणि चौथा बिंदू ही वक्राची टोकं. मधले दोन वक्राला आपल्याकडे ओढतात, पण एरवी वक्र त्यांना शिवत नाही. अगदी मधोमध बघितलं तर टोकांच्या बिंदूंचा वाटा प्रत्येकी एक अष्टमांश असतो, मधल्यांचा प्रत्येकी तीन अष्टमांश.

खरी किमया पुढे आहे. वक्र पहिल्या बिंदूतून निघताना तोंड दुसऱ्याकडे करून निघतो. त्यामुळे एक वक्र संपतो तिथे दुसरा बिनखाचेचा जोडायचा असेल, तर सांध्याचा बिंदू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बिंदू एका सरळ रेषेत ठेवले की झालं. बॉनेटची रेषा मडगार्डात उतरते ती याच जोरावर. रेनोत बेझिएंच्या ‘युनिसर्फ’ प्रणालीने हे बिंदू थेट यंत्राला दिले आणि यंत्राने मॉडेल कोरून काढलं. आता ड्रॉइंग, मॉडेल आणि डाय तिघांनाही एकच आकडा बंधनकारक झाला.

अक्षरांत हा वक्र शिरला १९८४ साली, अडोबी कंपनीच्या ‘पोस्टस्क्रिप्ट’मधून. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या या भाषेत अक्षराची कड चार-चार बिंदूंच्या वक्रांनी लिहिली जाते. १९९१च्या ‘ट्रूटाइप’ने तीन बिंदूंवर भागवलं. मराठीला त्याआधी दुसरी अडचण सोडवायची होती: प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याची. पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेतल्या ‘जिस्ट’ गटाचा त्यात मोठा हात होता. भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही मानक क्रमवारी १९९१ साली पक्की झाली आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीवरच बेतलेली आहे. पण क्रमांक फक्त ‘कोणतं अक्षर’ एवढंच सांगतो. ‘पि’ टाइप करताना आधी प जातो, मग वेलांटी; पडद्यावर वेलांटीला पुढे आणून बसवणं हे सॉफ्टवेअर आणि फॉन्टचं काम. खाली रुंद जोडाक्षर आलं तर तिची कमान लांबवावी लागते, म्हणून कित्येक देवनागरी फॉन्टमध्ये एकाच वेलांटीचे निरनिराळ्या रुंदीचे अवतार असतात. प्रत्येकाचे बिंदू वेगळे.

पुण्याच्या संगणक-इतिहासात ‘परम ८०००’ या महासंगणकाचं नाव पहिलं घेतात आणि घ्यायलाच हवं. तरी मला वाटतं, या इतिहासाची एक शाखा टूलरूममधून वाहते आणि तिकडे आपण फिरकत नाही. सुमंत मूळगांवकर धुरा सांभाळत असताना, १९६६ साली, टेल्को ही मोटार कंपनी पुण्यात आली. नाव बदलून वीस वर्षं उलटली, तरी पिंपरीतली जुनी माणसं टाटा मोटर्सला टेल्कोच म्हणतात. इथेच इंडिका घडली. तिचं रूप इटलीतल्या तुरिनच्या ‘आयडिया’ संस्थेच्या मदतीने ठरलं, इंजिनिअरिंग पुण्यात झालं आणि डिसेंबर १९९८मध्ये गाडी बाजारात आली. तोवर गाडीचा पृष्ठभाग आकड्यांत मांडणं जगभर रूढ झालं होतं.

पिंपरीजवळच्या भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये व्हीएमसी या धातू कोरणाऱ्या संगणकचलित मशीनसमोर उभं राहिलं की या इतिहासाचे थर दिसतात. जी-०१ म्हणजे सरळ जा, जी-०२ आणि जी-०३ म्हणजे वर्तुळाच्या कमानीने जा. वाट आखायला बहुतेक प्रोग्रॅम एवढंच वापरतात. त्यामुळे कॅम सॉफ्टवेअर बेझिएंच्या वक्राचे हजारो बारीक सरळ तुकडे करून मशीनला भरवतं. प्रोग्रॅमच्या शेवटी येतो एम-३०: काम संपलं, फीत गुंडाळ. कागदाची भोकांची फीत कधीच गेली. आज सेटर प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर आणतो, पण फीत गुंडाळण्याची आज्ञा रोज देतोच.

आणि पडद्यावर निमूट वळणारा वक्र पत्र्यात मात्र हट्टीपणा करतो. प्रेसने दाबलेला पत्रा डायमधून सुटताच थोडा मागे उसळतो. याला स्प्रिंगबॅक म्हणतात. पत्रा जितका ताकदवान तितकी ही उसळी जास्त, आणि गाड्या हलक्या करण्यासाठी अशाच पत्र्याचा वापर आता वाढतो आहे. म्हणून डायचा वक्र मुद्दाम चुकीचा कोरतात, उसळल्यावर बरोबर यावा असा. किती चुकवायचा याचा अंदाज संगणक देतो. तरीही डाय मशीनवरून उतरल्यावर फिटर तिला निळा रंग लावतो, दाब देऊन रंग कुठे उमटला ते बघतो आणि उंचवटे हाताने घासून काढतो.