चेटकिणीची बाटली

बालनाट्यातल्या चेटकिणीचं पेय तयार करताना मी रंगाआधी एकच गोष्ट विचारतो: हे पिणार कोण? बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांचा नट. म्हणून माझ्या टेबलावर पोस्टर कलर येत नाहीत. गोकर्णीची फुलं, लिंबू, सब्जा, काळं मीठ येतं.

गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की पाकळ्या फिक्या पडत जातात आणि पाणी गर्द निळं होतं. पारदर्शक पेल्याच्या तळाशी आधीच चमचाभर लिंबाचा रस असतो. वरून निळं पाणी ओतलं की फुलातलं रंगद्रव्य आम्लात रंग बदलतं. पेल्यातलं पाणी जांभळं, रस जास्त असला तर गुलाबी होतं. धार मात्र बारीक हवी. शेवटच्या रांगेतल्या पोराला रंग बदलताना दिसला पाहिजे. पिवळ्या दिव्याखाली निळा काळपट दिसतो, म्हणून तेवढ्यापुरता पांढरा प्रकाश मी हट्टाने मागून घेतो.

धुरासाठी कोरडा बर्फ, पण तो बाहेरच्या कढईत. उणे 78 अंशांचा तो तुकडा पोटात गेला तर इजा होते, बंद बाटलीत कोंडला तर बाटली फुटते.

प्रेक्षक थोडेच पिणार आहेत, असं म्हणून चवीकडे काणाडोळा करणं मला पटत नाही. चव चेहऱ्यावर दिसते. लुईस कॅरलच्या 1865 सालच्या गोष्टीत अ‍ॅलिसला बाटलीतल्या पेयात चेरी टार्ट, अननस, टॉफी, भाजलेली टर्की असं सगळं एकदम लागतं, आणि ती बाटली संपवून टाकते. शापाचं पेय इतकं चविष्ट असून कसं चालेल? मी लिंबाच्या त्या रसातच काळं मीठ विरघळवतो. पहिल्या घोटाला मुलाचे डोळे मिटतात, खांदे वर जातात; ते शिकवावं लागत नाही.

बाटली काचेची नको, निमुळत्या मानेची हवी, म्हणजे ओतताना गुडगुड ऐकू येते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विषाच्या बाटल्या निळ्या-हिरव्या आणि अंगावर उभ्या रेघा उठवलेल्या असत, अंधारातही हाताला विष कळावं म्हणून. ती युक्ती मी उचलली आहे. शापाच्या बाटलीला सुतळी गुंडाळतो, उताऱ्याची गुळगुळीत ठेवतो. दिवे गेल्यावर विंगेत चाचपडणाऱ्या नटाच्या हाती नेमकी हवी ती बाटली येते.