पंचगंगेचा पूर : आकड्यांत

मोजणी : कोल्हापूरजवळचा राजाराम बंधारा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.

मोठे पूर : २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. जुलै २०२१मध्ये ५६ फूटही ओलांडले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूरू महामार्ग बंद पडला.

पाणी कुठून? घाटमाथ्यावरच्या पावसाने भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या पंचगंगेच्या उपनद्या एकदम फुगतात. भोगावतीवरचे राधानगरी धरण भरले की सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात.

सर्वाधिक झळ : करवीरमधील प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुका. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाही तुडुंब असेल तर पंचगंगेचे पाणी तुंबते. पाऊस थांबला तरी शिरोळच्या शिवारातला ऊस कित्येक दिवस पाण्याखालीच राहतो.