माझगावचा चिनी कौल

चिनी इतिहास शिकवणाऱ्या कार्यक्रमांची मला थोडी धास्तीच वाटते. लाल कंदील, कागदी ड्रॅगन आणि शेवटी हक्का नूडल्स. घरी परतताना चीनपेक्षा शेजवान चटणीच जास्त लक्षात राहते. माझगावचा हेरिटेज वॉक तसा नव्हता. आम्ही मिरारोडच्या पूनम सागरची मंडळी अंधेरीला हार्बर लोकल पकडून डॉकयार्ड रोडला उतरलो, तर फेरी नेणाऱ्या बाई म्हणाल्या, "चीन नंतर. आधी गोदी कुठे आहे ते लक्षात घ्या."

ते बरोबरच होतं. ‘सी यप कून’ हे मंदिर गोदीमुळेच इथं आहे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातल्या चार तालुक्यांतून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी ते 1919 मध्ये बांधलं. बाहेरून साधं दुमजली घर वाटतं. वरच्या मजल्यावर ग्वान गोंग, म्हणजे इ.स. 220 च्या सुमारास मारला गेलेला सेनापती ग्वान यू. शब्दाला जागणारा म्हणून त्याचा देव झाला. घरदार सोडून परक्या बंदरात दुसऱ्याच्या शब्दावर व्यवहार करणाऱ्यांना असाच देव हवा होता.

तिथं भविष्य विचारायची रीत बाईंनी सावकाश समजावली. बांबूच्या नळकांड्यात आकडे घातलेल्या काड्या असतात. मनात प्रश्न धरून नळकांडं थोडं तिरपं करायचं आणि हलवत राहायचं. काड्या खुळखुळत एकेक वर सरकतात. एकच पडली पाहिजे. दोन पडल्या तर पुन्हा सुरुवात. पडलेल्या काडीच्या आकड्याची चिठ्ठी काढून वाचायची. घाई केली की काड्यांचा ढीगच खाली येतो. आमच्यातल्या कोकणातल्या काकू लगेच म्हणाल्या, "हा तर कौलच!" चीन परका वाटायचा थांबला तो तिथं.

याच मंदिरात ग्वान यिनही आहे, करुणेची देवी. मूळचा आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर चीनमध्ये कालांतराने स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यात तोच उभा आहे. दोन्ही बाजूंना प्रवाशांवरची संकटं कोरली आहेत, त्यांत समुद्रावरचंही आहे. मिरारोडहून दुसरं स्टेशन बोरिवली, तिथून वर डोंगरात. इतक्या जवळ असून आमच्यापैकी कितीजणांनी ते पाहिलं असेल?

या देवाणघेवाणीत सगळंच पुण्याचं नव्हतं. जवळच भायखळ्याला जे. जे. रुग्णालय आहे, 1845 चं. ज्यांच्या देणगीतून ते उभं राहिलं त्या जमशेटजी जीजीभॉयांची संपत्ती चीनच्या व्यापारातली. कापसाची, आणि अफूचीही. हे न सांगता चीनचा इतिहास शिकवणं म्हणजे अर्धीच चिठ्ठी वाचणं. 1962 च्या युद्धानंतर इथली चिनी वस्ती विरळ होत गेली, हेही फेरीत सांगायलाच हवं.

चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान, बहुधा आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या आसपास येतं. मंदिर पाहायला तेव्हा जा. त्याआधी कान्हेरी उरकून घ्या. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असते.