न दिसणाऱ्या देखभालीची वीस वर्षे

ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या दारातील मोहर्लीच्या कडेला पसरलेल्या इरई जलाशयाचे पाणी चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राला पुरविले जाते, आणि चंद्रपूरहून निघणारी एकदिश प्रवाहाची उच्चदाब वाहिनी 752 किलोमीटरांचा मुलूख ओलांडून ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला पोहोचते. तेथून पुढे ती वीज ज्या असंख्य कामांत खर्ची पडते त्यांत संगणककक्षांचाही वाटा असतोच. उलट दिशेने पाहिले, तर वनरक्षकाच्या गस्तीची नोंद 2010 पासून प्रचारात आलेल्या एम-स्ट्राइप्स प्रणालीत उतरते, सफारीचे आरक्षण ऑनलाइन होते, आणि जंगलवाटांवर लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेली वाघांची छायाचित्रे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेपर्यंत जातात. 2018 च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावून 3,48,58,623 छायाचित्रे मिळाली आणि त्यांतली 76,651 वाघांची निघाली. एवढ्या राशीतून पट्ट्यांच्या नक्षीवरून एकेक वाघ ओळखून काढणे संगणकाविना अशक्यच होते. तेव्हा ज्या यंत्रांवर हा सारा कारभार उभा आहे त्यांच्या निगराणीचा मागोवा अरण्याच्या या दारात बसून घेण्यात मला काही विसंगत वाटत नाही.

या यंत्रांचे एक रूप असलेला ब्लेड सर्व्हर ही या शतकाच्या आरंभीची कल्पना. 2001 साली आरएलएक्स या अमेरिकी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली, पुढल्याच वर्षी आयबीएमचे ब्लेडसेंटर आले, आणि 2006 साली हेवलेट पॅकार्डच्या सी-7000 या चॅसिसने तिला रूढ रूप दिले: एका चौकटीत सोळा सर्व्हर उभे खोचलेले, आणि त्या सर्वांना वीजपुरवठा, पंखे व नेटवर्क सामाईक. आपल्याकडे या रचनेचे सर्वांत भव्य उदाहरण पुण्यात उभे राहिले. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या जागतिक क्रमवारीत चौथा आणि आशियात पहिला आला, तो सुमारे 1,800 ब्लेडच्या बळावर. त्या यशाचे कौतुक यथायोग्य झाले. परंतु एकेका ब्लेडमध्ये बायॉस, दूरनियंत्रणाचा स्वतंत्र प्रोसेसर, नेटवर्क कार्ड व डिस्कचा नियंत्रक, आणि शिवाय प्रत्येक चॅसिसचा स्वतःचा व्यवस्थापक व स्विच, या प्रत्येकाच्या उदरात निराळे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसविलेली मूळ आज्ञावली, असते, आणि हे सारे थर एकमेकांशी जुळते ठेवणे हे एक अखंड चालणारे काम असते, ही गोष्ट कोणत्याही सत्कारसमारंभात उच्चारली जात नाही.

पहिल्या दशकातील वृत्ती एका वाक्यात सांगता येते, आणि ते वाक्य संगणककक्षात वावरलेल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे: चालतंय ना, मग हात लावू नका. तिला निव्वळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. फर्मवेअर बदलायचे म्हणजे रीबूट आलाच, आणि चॅसिसच्या व्यवस्थापकाची वा स्विचची आवृत्ती ब्लेडच्या आवृत्तीशी जुळली नाही तर एका चुकीपायी सोळाही सर्व्हर एकदम मुके व्हावेत, अशी ती रचना. त्यामुळे सुसंगतीचे कोष्टक पुढ्यात ठेवून, क्रम ठरवून, रविवारच्या उत्तररात्री हे काम करावे लागे. 2003 साली व्हीएमवेअरने चालते आभासी यंत्र न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविण्याची युक्ती आणली आणि ही अडचण पुष्कळशी सैल झाली; एक ब्लेड मोकळे करावे, त्याचे अपडेट करावे, तपासावे, मगच पुढच्याला हात घालावा, हा शहाणा क्रम तेव्हापासून शक्य झाला. तरीही सवय बदलली नाही. फेब्रुवारी 2014 पासून हेवलेट पॅकार्डने सिस्टिम रॉमची अद्यतने हमी वा सेवाकरार चालू असलेल्या ग्राहकांपुरती मर्यादित केली, आणि करार संपलेल्या यंत्रांच्या मालकांचा तो मार्गही बंद झाला. हा निर्णय मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. यंत्रातील दोषाची दुरुस्ती ही विक्रीची वस्तू होऊ नये.

मग एकामागून एक तडाखे बसू लागले. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषावर पॅच दिला. ज्यांनी तो लावला नव्हता त्यांना 12 मे रोजी वॉनाक्राय या घातक संगणकी प्रोग्रॅमने गाठले, आणि जूनअखेर नॉटपेट्या या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमने न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. नॉटपेट्या मुळात युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. अपडेट कोठून आले व त्यावर खरी सही आहे किंवा नाही याची रुजुवात त्या दिवसापासून अनिवार्य ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयएलओ-4 या दूरनियंत्रक प्रोसेसरात असा दोष उघड झाला की, नेटवर्कवरून त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्यास पासवर्डविना प्रवेश मिळे. आणि हा प्रोसेसर सर्व्हर बंद असतानाही जागा असतो.

परंतु माझ्या मते या साऱ्या कालखंडातील सर्वांत बोधक प्रसंग नोव्हेंबर 2019 चा. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने जाहीर केले की, तिच्या काही एसएसडी डिस्क 32,768 तास, म्हणजे तीन वर्षे, 270 दिवस आणि आठ तास चालल्या की कायमच्या निकामी होतील आणि त्यांतील माहिती परत मिळणार नाही. 32,767 ही सोळा बिटांच्या चिन्हांकित गणकाची परमावधी आहे. तिच्यापुढे एक तास गेला की मोजणी कोसळते. आता अनर्थ असा की, आपण डिस्कच्या जोड्या लावतो त्या एक गेली तर दुसरी तारून नेईल या भरवशावर, आणि त्या दोन्ही एकाच दिवशी बसविलेल्या असल्याने दोघींचे तास एकत्रच भरत येतात. म्हणजे जी तजवीज विपत्तीसाठी केली तीच विपत्तीच्या क्षणी सोबत बुडते. उपाय होता केवळ नवे फर्मवेअर, तेही तास भरण्यापूर्वी बसविलेले. यंत्र निर्दोष चालत होते, पंखे फिरत होते, हिरवे दिवे लागलेले होते. हात लावू नका म्हणणाऱ्याला त्या कक्षात संकटाचे एकही चिन्ह दिसले नसते.

याच्या नेमकी उलट शिकवणही याच वर्षांनी दिली. 3 जानेवारी 2018 रोजी मेल्टडाउन व स्पेक्टर हे प्रोसेसरांतील दोष जगजाहीर झाले. दोषांवरील मायक्रोकोड घाईने वाटला गेला, आणि 22 जानेवारीला इंटेलला स्वतःच सांगावे लागले की तो बसविणे थांबवा, कारण ब्रॉडवेल व हॅसवेल जातीचे प्रोसेसर त्याने अवचित रीबूट होत आहेत. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणकसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर थबकली, तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हयगय जशी घातक तशी आंधळी तत्परताही. आधी थोड्या यंत्रांवर प्रयोग, मग सर्वत्र अंमल, हा जाबता या दोन्ही अनुभवांतून आला आहे.

मोहर्लीत याचे प्रतिरूप दरवर्षी दिसते. 15 फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होण्याच्या आत वनखाते जाळरेषा काढते, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यांतील गवत व पालापाचोळा आपणच नियंत्रित रीतीने जाळून टाकते. वणवा आला नाही म्हणून त्या कामाला कोणी निरर्थक म्हणत नाही, आणि त्याची तारीख कोणाच्या सोयीवर तहकूब होत नाही. सर्व्हरच्या अद्यतनांना आमच्या कार्यालयांत अशी ठरीव तारीख अद्याप मिळालेली नाही. वार्षिक देखभालीच्या करारात पंखे, बॅटऱ्या आणि डिस्क बदलण्याची कलमे असतात. फर्मवेअर कोणी, किती महिन्यांनी, कोणत्या क्रमाने अद्ययावत करावे, आणि बिघडल्यास मागील आवृत्तीवर कसे परतावे, याचे कलम मात्र कराराच्या मसुद्यात आग्रहाने घालून घ्यावे लागते. ते प्रत्येक निविदेत सक्तीचे असावे. ताडोबाचा गाभा 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असतो आणि आरक्षणाचा ओघ तेव्हा ओसरलेला असतो. निदान या प्रकल्पाच्या सर्व्हरपुरती तरी सविस्तर अद्यतनाची मुदत जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लेखी ठरवून टाकावी, म्हणजे काही बिघडलेच तर दुरुस्तीला ऑगस्ट आणि सप्टेंबर असे पुरे दोन महिने हाती उरतील.