घड्याळ कुठे थांबायचं?

कामावरच्या मजुरांचा फोटो काढायचा तर मजूर कामावर हवेत, निदान तशी अपेक्षा होती. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल ॲपमधून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच पत्रक काढून तिच्यातल्या पळवाटा राज्यांना कळवल्या: कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोवरून काढलेले फोटो, तीच माणसं अनेक मस्टरवर. उपाय म्हणून ग्रामपंचायतीने प्रत्येक फोटो नजरेखालून घालायचा! ज्यांच्यावर लक्ष ठेवायला ॲप आणलं, त्यांनाच आता ॲपवर लक्ष ठेवायला बसवलं.

बोगस मस्टर हे आपलं जुनंच दुखणं. १९६५ साली वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला, बहात्तरच्या दुष्काळात तो राज्यभर पोचला, १९७७ मध्ये कायदा झाला. तेव्हा मस्टर म्हणजे कागद. तो कचेरीत गेला की पुन्हा गावाच्या दृष्टीस पडणं कठीण. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर गावोगावची मस्टरं ‘एमआयएस’वर, म्हणजे संगणकावर, कुणालाही पाहता येऊ लागली. हे मोठंच काम झालं, आणि ते मी नाकारत नाही. माझी तक्रार या यंत्रणेच्या नजरेबद्दल आहे. ती खाली फार बारकाईने बघते, वर बघायची वेळ आली की मान वळवते.

मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळायला हवी, असा नियम. उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई, म्हणजे हजार रुपयांमागे रोज पन्नास पैसे. हिशेब एमआयएसच करायची. मस्टर संगणकावर चढवायचं, अभियंत्याने ‘एमबी’त, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, मोजमाप लिहायचं, मग दोन डिजिटल सह्यांनी ‘एफटीओ’, म्हणजे पैसे वळते करण्याचा आदेश निघायचा. इथवरची धावपळ गावाची आणि तालुक्याची. पुढे केंद्राकडून मजुराच्या खात्यात रक्कम पडेपर्यंत कितीही दिवस जावोत, ते भरपाईत धरलेच जात नव्हते. घड्याळ एफटीओपाशी थांबायचं. पासबुक भरून आणायला बँकेत खेटे घालणाऱ्या बाईचे दिवस मात्र पैसे हातात पडेपर्यंत चालूच राहायचे.

हे उघड कसं झालं, तर याच एमआयएसमधून. राजेंद्रन नारायणन, सकीना धोराजीवाला आणि राजेश गोलानी या संशोधकांनी २०१६-१७ मधले लाखो व्यवहार त्याच संकेतस्थळावरून उतरवून घेतले आणि एफटीओनंतरचे दिवस मोजले. दोन्ही तारखा नोंदलेल्या होत्या. वजाबाकी तेवढी कुणी केली नव्हती. स्वराज अभियानाच्या याचिकेवर मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: उशीर राज्याच्या टप्प्यात झाला की केंद्राच्या, याच्याशी मजुराला कर्तव्य नाही, मजुरी आणि भरपाई चुकती करण्याचं वेळापत्रक केंद्राने राज्यांशी बोलून आखावं.