पराभवानें आरंभ झालेली कथा

ज्याचें पिस्तूल आधीं उपसलें जाईल तो जिंकेल, हा अमेरिकेच्या पश्चिम भागांतील साहसकथांचा जणूं ठरीव न्याय आहे. या कथांना ‘वेस्टर्न’ म्हणतात. दूरचित्रवाणीवरील ‘गनस्मोक’ ही त्यांतील एक दीर्घायुषी मालिका. १९५५ पासून १९७५ पर्यंत तिचे ६३५ भाग झाले. तिच्या पहिल्याच भागानें हा ठरीव न्याय मोडला, आणि त्यांतच त्या भागाचें मोल आहे.

१० सप्टेंबर १९५५ रोजीं दाखविलेल्या या भागाचें नांव ‘मॅट गेट्स इट’, म्हणजे मॅटला गोळी लागते. १८७० नंतरच्या दशकांत कॅन्सस संस्थानांतील डॉज सिटी या गांवीं टेक्ससहून गुराखी कळप घेऊन येत व तेथून आगगाडीनें गुरें पूर्वेकडे जात. पैसा, मद्य आणि पिस्तुलें जेथें एकत्र येतात, अशा या गांवांत शांतता राखण्याचें काम मार्शल मॅट डिलन याचें आहे. ही भूमिका जेम्स आर्नेस यानें केली.

आरंभीं प्रख्यात नट जॉन वेन हा प्रेक्षकांना या नव्या नायकाची ओळख करून देतो. परंतु ओळख होते न होते तोंच नायक कोसळतो! डॅन ग्रॅट या खुनी माणसाच्या शोधार्थ टेक्ससहून आलेला अधिकारी मारला जातो. त्याला पकडावयास गेलेला मॅटहि गोळी लागून पडतो. डॉक्टर उपचार करीत असतो, आणि इकडे ग्रॅट उन्मत्तपणें गांवांत वावरूं लागतो. कायद्याचा रक्षकच पडला, तर कायद्यानें कोणाकडे पहावें, हा खरा प्रश्न येथें उभा राहतो.

त्याचें उत्तर मनगटांत नाहीं, निरीक्षणांत आहे. ग्रॅटचा हात चपळ, पण नेम कच्चा; म्हणून तो प्रतिपक्षाच्या अगदीं निकट येऊनच गोळी झाडतो. हें मॅट ओळखतो. दुसऱ्या भेटींत तो ग्रॅटला जवळ येऊं देत नाहीं. अंतर वाढतांच त्या चापल्याची किंमत सरते व मॅटचा शांत, अचूक नेम निकाल लावतो. आपला हात मंद आहे हें त्यानें मान्य केलें, म्हणूनच तो तरला.

ही मालिका मुळांत नभोवाणीची. १९५२ सालीं सुरू झालेल्या त्या श्रुतिकांत मॅटला विल्यम कॉनरॅड याचा आवाज लाभला होता. मुलांच्या रंजनापेक्षां प्रौढांच्या विचाराला कांहीं द्यावें, हा तिच्या कर्त्यांचा हेतु होता.

अखेरीस न्याय गोळीनेंच होतो, ही उणीव आहेच. तथापि पडलेला माणूस सूडबुद्धीनें नव्हे, तर विचार करून पुन्हां कर्तव्यास उभा राहतो, हें दृश्य पाहणाऱ्याच्या मनांत दीर्घकाळ राहतें.